लेउता आजींच्या थडग्यावरची नोकरी

"दिवा राहू दे, पण तोंडं बंद ठेवा," इओआने आजोबा म्हणाले. पोरं चटईवर एकमेकांना खेटून बसली. "ही आपल्या पेताची गोष्ट. माझ्या पुतण्याची बायको. तिला खोटं बोलता येत नाही, बोलायला गेली की हसूच येतं."

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. पेता संध्याकाळी सामोआच्या राजधानीतून, आपियाच्या बाजारातून, लॅपटॉपला अंगणापर्यंत वीज न्यायला लांब वायर घेऊन आली. लंडनच्या एका कंपनीत घरून करायच्या नोकरीसाठी तिच्या परीक्षा चालू होत्या. तिकडे दिवस, इकडे रात्र. पण घरात नेटवर्क धड यायचं नाही. यायचं ते अंगणातल्या लेउता आजींच्या थडग्यावर. नवऱ्याची आजी, त्याच वर्षी गेलेली.

"दिवसा खुशाल बस, सूनबाई," सासू म्हणायची. "अंधार पडल्यावर मात्र म्हातारीला शेजारी कुणी खपत नाही. जिवंतपणी तरी कुठं खपायचं?"

त्या रात्री सासू चर्चमध्ये जागरणाला गेली होती. नवरा बोटीवर. सहा महिन्यांचं पोर मच्छरदाणीत झोपलेलं. पेता लॅपटॉप घेऊन थडग्यावर बसली. आज लंडनचा साहेब शेवटची परीक्षा घेणार होता. नापास झाली की न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जायचं, पोर मागं ठेवून. घरात ते ठरूनच गेलं होतं.

अकरा वाजले. साहेब प्रश्न विचारायला लागला.

आणि थडग्याची फरशी गार पडली.

शेजारी कुणीतरी बसलं...

पेतानं मान वळवली नाही. लॅपटॉपचं झाकण आपोआप खाली यायला लागलं. तिनं अंगठ्यानं वर ढकललं. परत खाली आलं. तिनं परत ढकललं.

"मग?" एका पोरीनं विचारलं.

आजोबांनी दिवा जरा लांब सरकवला.

मग घरात पोर रडलं.

पेतानं साहेबाला ऐकू जाणार नाही असं बटण दाबलं. आणि शेजारी न बघताच बोलली. "आजी, मी उठणार नाही. उठले तर या पोराची आई परदेशात. तुमचं थडगं मीच झाडते, फुलं मीच ठेवते. एवढा कळवळा असेल तर तुम्ही जा. तुमचाच पणतू आहे."



शेजारचं वजन उठलं.

दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. पोराचं रडणं मात्र... मध्येच तुटलं.

साहेबाचा एक प्रश्न राहिला होता. कसंबसं तिनं उत्तर दिलं आणि धावत सुटली.

"नोकरी मिळाली?"

"मिळाली की. अजून रोज रात्री तिथंच बसते. सासूनं बोलून पाहिलं, ही ऐकतेय कुठं."

"आणि बाळ?"

आजोबांचा आवाज खाली आला. "झोपलं होतं. पोट टम्म. ओठांना तारोचा, म्हणजे अळूचा, कंद लागलेला, चावून अगदी मऊ केलेला. जुन्या बायका बाळांना तसा भरवायच्या. आणि त्या घरात आठवडाभर कंद शिजलाच नव्हता..."