डोस एकदाच दिला होता

सांगलीत विश्रामबागच्या स्टॉपवर पाऊस तिरका येत होता आणि मी ओढणीने लॅपटॉपची बॅग झाकत होते.

“लय भिजताय. या की छत्रीत.”

“अनोळखी माणसाच्या?”

“जयराज, पलूसचा. फौजेत हाय, सुट्टीवर आलोय. झाली की वळख!”

मी हसले आणि “शिवांजली” असं नाव सांगितलं. छत्री सगळी माझ्यावर... त्याचा खांदा मात्र चिंब. बस आली तेव्हा, खरं सांगते, मला तिचा रागच आला.

पुढच्या आठवड्यात आमच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये पोलिसांकडून तपासाला एक मोबाईल आला. त्याचाच! त्याच्या आईला इन्सुलिनचा पंप लावलेला; डोस मोबाईलच्या ॲपवरून द्यायचा, आणि साखर किती आहे तेही त्यातच लांबूनसुद्धा दिसायचं. आम्ही भेटलो त्याच संध्याकाळी जयराजने डोस दिला आणि आई बेशुद्ध पडली. त्या वाचल्या. पण उसाच्या जमिनीसाठी त्याने मुद्दाम जास्त डोस दिला, अशी तक्रार करून त्याचे दाजी आईला लोणंदला घेऊन गेले. भेटायचीही बंदी.

“सर, मी याला एकदा भेटलेय,” मी सांगितलं.

“तपास कर. पण अहवाल जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द नाही.”

तो समोरच्या चहाच्या गाड्यावर येऊन उभा राहायचा. एकदा आडवा आला —

“मॅडम, येवढंच सांगा... माज्याच हातनं झालं का?”

मी मान खाली घालून जिना चढले. पायऱ्या दिसत नव्हत्या.

ॲपच्या नोंदींत त्याने बटण एकदाच दाबलेलं होतं. तेवढ्यात पंपाशी जोडणी तुटली, आणि डोस पोचलाच नाही असं समजून ॲपने तो आपणहून पुन्हा पाठवला. मी तसाच पंप आणून जोडणी मध्येच तोडून पाहिली. प्रत्येक वेळी डोस दोनदा!

आणखी एक दिसलं. दूरच्या चौकीवरूनही हा माणूस रोज उठल्या उठल्या आधी आईची साखर बघायचा. त्या नोंदींपाशी मी उगाचच रेंगाळले...

अहवाल गेला. दाजींनी तक्रार मागे घेतली आणि आईला स्वतः पलूसला आणून सोडलं. पण जयराजची सुट्टी संपली होती. चहावाल्याकडून त्याच्या गाडीची वेळ कळली आणि मी सांगली स्टेशनवर धावत पोचले.

“आईनं कुशीत घेतलं,” तो म्हणाला, “आन् लगेच निघायची वेळ.”

“मी जात जाईन त्यांच्याकडे.”

“पंप बघाय?”

“नाही... तुमच्याबद्दल ऐकायला.”

गाडी हलली, तसा तो उडी मारून दारात चढला.

“शिवांजली... माजी वाट बघशील?”

“बघेन,” मी म्हणाले. पण गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं. म्हणून मी फलाटावरून पळत, सगळ्या लोकांदेखत, ओरडून सांगितलं.