एकाच हाताच्या मापाचं

म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरांना एक सोय असते. बाजारात, बसमध्ये, दुकानात कुणाला चार शब्द सुनवायचे झाले, तर खुशाल मराठीत सुनवावेत. समोरच्याला काडीचं कळत नाही. भव्याचे पूर्वज राजाच्या फौजेत चाकरीला म्हणून इकडे आले. राजे गेले, फौज गेली, ही सोय मात्र घराण्यात शाबूत राहिली. त्या जुलैतल्या संध्याकाळी भव्याने पद्मनाभांच्या झेरॉक्सच्या दुकानात तोंड सोडलं, ते याच भरवशावर.

भव्याला जन्मापासून दिसत नव्हतं. याचं तिने कधी भांडवल केलं नाही आणि इतर कुणाला करूही दिलं नाही. सरस्वतीपुरमच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची आणि चाचणीची प्रश्नपत्रिका स्वतःच्या हाताने छापायची. पद्मनाभांची पुतणी तिच्याच वर्गात होती, तेव्हा उगाच कुणाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा कशाला पाहायची? जुन्या प्रिंटरची बटणं तिच्या बोटांना पाठ होती. पण आज तिथे नवंकोरं मशीन होतं आणि त्याला बटणंच नव्हती. नुसती काच. धुऊन ठेवलेल्या तव्यासारखी सपाट.

ती बटण शोधायला काचेवरून बोट फिरवायची आणि काचेला वाटायचं, हुकूम आला! टुंग, टुंग, टुंग... आणि कागदांचा असा लोंढा सुटला, की थांबायचं नाव नाही. बाहेर भुरभुर पाऊस, आत शाईचा गरम वास आणि पायाशी म्हैसूरच्या इतिहासावरच्या प्रश्नांचा सडा.

"अय्यो! कोण केलंय की हे मशीन," भव्या दातओठ खात म्हणाली. "त्याला ह्याच काचंवर डोसा घालाय लावलं पाहिजे. आंधळा मेला!"

"मी," मागून आवाज आला.

भव्याचं बोट काचेवरच थिजलं.

"म्हणजे... सगळं नाही," तो आवाज चाचरला. "समोरची काच तेवढी माझी. बाकीचं मशीन दुसऱ्यांनी केलंय."

"तुम्हाला मराठी येतंय?"

"जळगावचा आहे मी. कुशल माझं नाव. इथे बेळगोळला प्रिंटरच्या कारखान्यात डिझाइन करतो. हे नवं मशीन कसं चालतंय, ते पाहायला आलो होतो."

"मग आधी सांगायचं नाही होय?"

"कधी सांगायला हवं होतं? डोशाच्या आधी... की नंतर?"

भव्याला हसू फुटलं. तिला चांगलं रागवायचं होतं, पण हसू आधी आलं, त्याला ती तरी काय करणार! कुशलने मशीन थांबवलं, खाली बसून सगळे कागद गोळा केले आणि तिच्या हातात दिले. एकही प्रश्न वाचला नाही, असं शपथेवर सांगितलं.

"आम्ही चाचणी घेतली होती हो," तो ओशाळून म्हणाला. "ऑफिसातल्या सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून वापरून पाहिलं."

"किती वेळ बांधलात पट्टी?"

"असेल... दहाएक मिनिटं."

"हं. माझी एकोणतीस वर्षं झाली. अनुभवी माणूस पाहिजे असला तर सांगा."

ती चेष्टेत म्हणाली होती. पण कुशल नावाच्या माणसाला चेष्टा आणि आमंत्रण यातला फरक कळत नसे, किंवा कळूनही तो कळू देत नसे. दोनच दिवसांत कॉलेजात फोन आला आणि पुढच्या शनिवारी भव्या बेळगोळच्या बसमध्ये बसली.

पहिल्याच दिवशी त्याने गडबड केली. बसमधून उतरल्या उतरल्या तिचा दंड धरला आणि बाजाराला निघालेल्या बैलासारखं ओढत चालू लागला.

"बेडा, बेडा!" भव्या ओरडली. "असं नको. तुम्ही मला धरायचं नाही. मी तुम्हाला धरायचं. कोपर द्या."

"सॉरी. कोणतं कोपर देऊ?"

"दोन्ही देऊन चालाल कसं? एकच पुरे."

तेव्हापासून डावं कोपर तिचं ठरून गेलं. शनिवारमागून शनिवार पाऊस यायचा आणि तो छत्री धरायचा. भव्याच्या अंगावर थेंब पडत नसे, पण कारखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्याची उजवी बाही निथळत असायची. दारावरचा वॉचमन दर खेपेला विचारायचा, "काय सर, छत्री लहान पडली काय?" कुशल नुसती बाही पिळायचा आणि भव्या मनात म्हणायची, बोल की जरा.

मराठीवरून मात्र दोघांची जुंपायची.

"तुमचं मराठी बातम्यांसारखं आहे," ती म्हणायची. "आता पुढं हवामान सांगताय की काय, असं वाटतंय."

"आणि तुझं मराठी अर्धं कन्नड आहे. मागच्या शनिवारी 'स्वल्प थांबा' म्हणालीस, मी दिवसभर कोण स्वल्प म्हणून विचार करत होतो."

"खोटं!"

"बरं, खोटं. पण 'सरी' म्हणजे 'बरं', हे आता पक्कं पाठ झालंय."

"सरी," ती म्हणायची.

"सरी," तो म्हणायचा, आणि का कुणास ठाऊक, तिथेच भांडण मिटायचं.

काम मात्र नेटाने चाललं होतं. काच गेली, बटणं आली. हलकेच बोट टेकवलं, की बटण आपलं नाव सांगणार. जोराने दाबलं, तरच काम करणार. ही युक्ती कुशलची. ती तिला फार आवडली, कारण यात चाचपण्याची चूक माफ होती. मग एका शनिवारी त्याने टेबलावर शाडूच्या मातीचा ओला थर पसरला.

"हात ठेव यावर," तो म्हणाला. "विचार न करता. बोटं जिथे आपोआप पडतील, तिथेच बटणं बसवू."

भव्याने हात ठेवले. माती थंडगार होती. कुशलने एकेक बोट हलकेच दाबलं, म्हणजे ठसा नीट उमटावा. करंगळीपाशी तो जरा जास्तच रेंगाळला.

"उमटला नाही का नीट?" तिने विचारलं.

"उमटलाय," तो म्हणाला. "केव्हाचाच."

सिनेमात असतं तसं याचं तोंड चाचपून बघावं, असं तिला मुळीच वाटलं नाही. असल्या प्रकाराची तिला चीडच होती. तिला फक्त वाटलं, ही माती लवकर वाळू नये.

सप्टेंबर उजाडला तेव्हा ती त्याला अरे-तुरे करू लागली होती आणि एक काळजीही तिच्या मागे लागली होती. कुशलच्या वरिष्ठ, मृदुला मॅडम, हिशेबी बाई होत्या. दसऱ्याच्या आधी मशीन त्यांना पसंत पडलं तर ते बाजारात येणार होतं. नाहीतर प्रकल्प गुंडाळायचा आणि कुशलने पुण्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं. आणि पसंत-नापसंत ठरणार होती भव्याच्या शब्दावर. वापरणारी तीच होती ना!

बैठक सोमवारी होती. शनिवारी कुशल तयार मशीन रिक्षात घालून तिच्या घरी घेऊन आला, दोन दिवस निवांत वापर म्हणाला आणि तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या हातची कॉफी पिऊन गेला.

भव्याने मशीनवर हात ठेवले आणि ती थक्क झाली. शोधावं असं काही नव्हतंच. प्रत्येक बोटाखाली नेमकं हवं ते बटण. आवाजही कसा, तर तिला पडदा वाचून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरसारखाच भराभर बोलणारा, एकही क्षण वाया न घालवणारा. तिने एक पान छापलं, मग उगाच आणखी एक छापलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू तिची वाट पाहत बसल्यासारखी वाटली. मला हा माणूस आवडतो, तिने स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं. नुसता आवडत नाही... तोच पाहिजे.

"मी बघू काय गं?" अप्पा जवळ आले. अप्पा, म्हणजे अंबाजीराव, रेशीम कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेहाने त्यांची नजर अंधूक केली होती आणि बोटांची टोकं बधिर. भव्याने हौसेने त्यांना खुर्ची दिली.

अप्पांनी बोट टेकवलं. बधिर बोटाला हलकं काय आणि जोरात काय? खाडकन पान बाहेर आलं. पुन्हा टेकवलं, जाडजूड बोटाखाली दोन बटणं एकदम दबली आणि मशीनने तक्रार सुरू केली.

"काय म्हणायलंय हे? मिक्सर चालू केल्यागत आवाज येतोय. मला एक अक्षर कळंना."

"अप्पा, ते म्हणतंय, एकावेळी एकच..."

"तुला कळतंय होय? मग बरोबर आहे की," अप्पा उठत म्हणाले. "तुझंच मशीन आहे हे. आम्हाला कशाला कळंल!"

ते सहज बोलून गेले. भव्या मात्र तिथेच बसून राहिली. तिने बटणांमधलं अंतर पुन्हा तपासलं. तिच्याच बोटांचं. आवाजाचा वेगही तिचाच. हुणसूरहून येणारी तिची विद्यार्थिनी यशस्विनी हिचा हात थरथरतो. तिलाही हे जमणार नाही. इतके महिने कुशलने दुसऱ्या कुणालाच बसवलं नव्हतं आणि आपणही कधी विचारलं नाही, दुसरं कुणी का नाही? दोघांनी मिळून, अगदी मन लावून, जगातल्या एकाच बाईसाठी प्रिंटर बनवला होता.

तिला इतका आनंद झाला की रडू आलं. आणि मग खरोखरीच रडू आलं, कारण पास म्हटलं तर तो राहणार होता आणि नापास म्हटलं तर जाणार होता.

सोमवारी बैठकीच्या आधी कँटीनमध्ये तिने त्याला सगळं सांगितलं. अप्पांचं बोट, मिक्सर, यशस्विनी, सगळं.

कुशल बराच वेळ चमचा कपात फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली असणार.

"म्हणजे मी पुण्याला," तो शेवटी म्हणाला.

"मला ते नकोय, कुशल. अजिबात नकोय. पण हे मशीन पास आहे म्हणून मी खोटं कसं सांगू? अप्पांसारखी किती माणसं हे विकत घेतील, आणि त्या काचंपुढं मी उभी होते तशी उभी राहतील..."

"तू काही सांगू नकोस," तो उठला. "मी सांगतो."

आणि त्याने सांगितलंही. बैठकीत मृदुला मॅडमनी भव्याचं मत विचारायच्या आतच तो म्हणाला, "मॅडम, मशीन तयार नाही. चूक माझी आहे. मी एकाच व्यक्तीला घेऊन चाचणी केली."

"एकाच?" मॅडमचा आवाज चढला. "कुशल, हे शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत. दुसऱ्या कुणाला का नाही बोलावलं?"

"खरं सांगू?" कुशल म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा विचारच मनात आला नाही."

कुणीतरी खोकलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. भव्याचे कान तापून लाल झाले असणार. रंगाचं तिला ठाऊक नव्हतं, पण तापल्याचं चांगलंच कळत होतं. तरीही ती उभी राहिली.

"मॅडम, हे मशीन नापास आहे," ती म्हणाली. "पण टाकून द्यायसारखं नाही. आवाज भराभर किंवा सावकाश करायला एक गोल बटण द्या. कुणाला किती जोर लावल्यावर काम व्हावं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या. बटणं थोडी लांब लांब बसवा. माझा हात अवघडला तर अवघडू दे, मी सवय करीन. आणि वेगवेगळ्या माणसांना बसवा. माणसं मी आणते. पहिले माझे अप्पाच येतील, तोंडाने जरा फटकळ आहेत तेवढे."

मृदुला मॅडमचं पेन कागदावर खरखरत राहिलं. मग पेनाचं टोपण लावल्याचा आवाज झाला.

"संक्रांतीपर्यंत मुदत," त्या म्हणाल्या. "चाचणी या घेतील. तुम्ही नाही, कुशल. तुमच्या नजरेचा भरवसा राहिलेला नाही. पुण्याचं तोवर राहू द्या."

बाहेर आले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. बसथांब्यामागच्या झाडावरून थेंब टपटपत होते. भव्याचा हात त्याच्या कोपरावर होता.

"राग आला का?" त्याने विचारलं. "सगळ्यांसमोर तसं बोललो..."

"राग नाही. पण माझ्याशी बोलायच्या आधी मॅडमशी बोललास की."

"मग आता बोलू?"

"थांब. आधी मी बोलते." तिने घसा साफ केला. वर्गात शंभर पोरांपुढे न अडखळणारी भव्या आता अडखळत होती. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आयुधपूजा असते. ज्याचं जे हत्यार, ते देवापुढं ठेवायचं. पणजोबांची तलवार असते, आत्याची विळी असते, माझा लॅपटॉप असतो. तुझं हत्यार काय?"

"माझं? स्क्रू ड्रायव्हर."

"तो घेऊन ये."

"येतो की. पण पाहुण्यांचं चालतं पूजेत?"

"नाही," भव्या म्हणाली. "फक्त घरच्यांचंच ठेवतात."

कोपर एकदम स्तब्ध झालं. एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्याचा दुसरा हात हळूच आला आणि तिच्या हातावर विसावला.

"भव्या... मग अप्पांना विचारायला हवं ना?"

"विचारलं. आज सकाळी, इकडं यायच्या आधी."

"सकाळी?" तो गोंधळला. "पण सकाळी तर मी पुण्याला जाणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं."

"मग?" भव्या म्हणाली. "पुण्याहून दसऱ्याला म्हैसूरची बस सुटत नाही की काय?"