नागपूरचा आलुबोंडा आणि अर्धी मिशी

"हलू नका, नरहरभाऊ! हलले त मिशीसंगं ओठ बी जाईन!"

फकिराने वस्तरा चालवला आणि नरहर आजोबांची अर्धी मिशी पांढऱ्या फडक्यावर पडली. फक्त अर्धी! उरलेली आठ दिवस तशीच मिरवायची, असा नियम होता. बाभुळगावच्या बसस्टँडसमोरचं फकिराचं कटिंगचं दुकान गच्च भरलं होतं आणि सगळे पोट धरून हसत होते.

गौरी आणि क्षितिज दारात उभे होते. हातात पिशव्या तशाच. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी यवतमाळहून आजोबांकडे आले, त्याला अजून दहा मिनिटंही झाली नव्हती.

"इथे पाहुणे आले की मिशी कापतात का गं?" दहा वर्षांच्या क्षितिजने विचारलं.

"गप्प! हसू आलं तर गिळून टाक," तेरा वर्षांची गौरी म्हणाली.

हा सगळा उद्योग किसनरावांचा होता. किसनराव गावातले बडे शेतकरी. रोज साडेदहाला फकिरा कुलपातल्या ड्रॉवरमधून पेपरच्या दोन प्रती काढायचा. एक किसनरावांना, एक त्या दिवशीच्या बळीच्या बकऱ्याला. दोघांनी शब्दकोडं सोडवायचं. ज्याचं आधी होईल त्याने हात वर करायचा, मग फकिरा त्याची उत्तरं मोठ्याने वाचायचा. एक जरी चुकलं तरी हार. कुणाची मदत घेतली तरी हार. हरणाऱ्याचं तोंड फकिराच्या स्वाधीन!

किसनराव कधीच हरत नसत. सहा मिनिटांत त्यांचा हात वर. आतापर्यंत पोस्टमनची डावी भुवई गेली होती, चित्रकलेच्या सरांचे कल्ले गेले होते. गावातली निम्मी थोर माणसं अर्धवट दिसत होती.

"घरी जा, नरहरभाऊ," किसनराव म्हणाले. "आरशात पायजा मात्र. घाबरसान!"

पुन्हा हशा. नरहर आजोबा तहसील कचेरीत बत्तीस वर्षं बाबू होते. साध्या कागदावर सही करायलाही ते तीन दिवस विचार करत. आज मात्र त्यांनी तीन सेकंदही केला नाही. खिशातून एक किल्ली काढली आणि टेबलावर आपटली.

"परवा, मंगळवारी! पुन्हा डाव! हरलो तर ही वाचनालयाची किल्ली तुमची!"

सगळ्यांच्या माना किल्लीकडे वळल्या. आजोबा वाचनालयाचे अध्यक्ष होते. आणि किसनरावांची नजर वाचनालयाच्या हॉलवर होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कापसाला भाव नाही, खरेदी बंद. किसनरावांच्या घरात दोन वर्षांचा कापूस कोंबलेला. पलंगावर कापूस, चुलीमागे कापूस, देवघरात देवाच्या गळ्यापर्यंत कापूस. त्यात बारीक किडे पडले होते आणि अख्खं घर दिवसभर खाजवत बसायचं.

"अन् पुस्तकं कुठं ठेवसान?" फकिराने विचारलं.

"माह्या गोठ्यात. म्हशी वाचतीन!" किसनराव खदाखदा हसले. "अन् मी हारलो, त डोकं, मिशा, भुवया, सारं उडव! चाल!"

दुपारी गौरी आणि क्षितिज वाचनालयात गेले. कोपऱ्यात त्यांची जुनी मैत्रीण समीक्षा बसली होती. मे महिना, रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, आणि हिच्या डोक्यात लोकरीची टोपी!

"थंडी वाजते का गं?" क्षितिजने विचारलं.

समीक्षाने टोपी काढली. डोकं गुळगुळीत.

"आबानं भादरून आणलं," ती म्हणाली. समीक्षा किसनरावांची नात. "कापसाच्या खाजेनं डोक्याले फोड आले होते. फकिराकाकाच्या दुकानात, साऱ्यायसमोर. मी रडली त म्हणे, 'केसं काय, गवत हाय. येते परत!' सारे हासले." तिने कोपर करकरा खाजवलं. "या गावात कापूस नसलेली ही एकच जागा हाय. मंगळवारी थे बी जाईन."

"पण हॉल मिळाला तर तुझ्या घरातला कापूस जाईल. खाज थांबेल," गौरी म्हणाली.

समीक्षाने थोडा विचार केला.

"खाज चालते," ती म्हणाली. "मले आबाचं डोकं पाहिजे."

बाहेर, फकिराच्या दुकानाच्या पायरीवर, मॅनेजर झोपला होता. मॅनेजर हा कुत्रा. गावातली बाकीची कुत्री सायकलीसारखी बारीक होती. मॅनेजर मात्र तक्क्यासारखा गोल.

"हा काय खातो?" क्षितिजने खिडकीतून बघत विचारलं.

"आलुबोंडा," समीक्षा म्हणाली. "आबा नागपूरवरून मांगवते. दहाच्या बसनं खेमसिंग कंडक्टर आणते. मले रोज स्टँडवर घ्याले पाठवते, पन एक घास देत नाही! पुडकं सोडून ठेवते जवळ, अन् मंग सारा कुत्र्याले!"

गौरी ताडकन उठली.

"थांब! स्टँडवर गरम आलुबोंडा मिळतो. मग चार तासांचा थंड आलुबोंडा नागपूरहून कशाला? तोही न खाण्यासाठी?"

"नागपूरचा कुत्रा असेल," क्षितिज म्हणाला.

सोमवारी दहाच्या बसने पुडकं आलं. तिघांनी स्टँडच्या मागे बसून दोरा सोडला. आत थंडगार आलुबोंडा. भोवती नागपूरचा त्याच दिवशीचा पेपर, आणि त्यावर छापलेलं: कालच्या कोड्याचे उत्तर!

"कालच्याचं उत्तर घेऊन काय उपयोग?" क्षितिज म्हणाला.

गौरीने कपाळावर हात मारला. "अरे, आपल्याकडे याच पेपरची खेड्यापाड्यांची आवृत्ती येते! ती आधीच छापून ठेवतात. नागपुरात काल आलेलं कोडं इथे आज येतं! म्हणजे नागपुरात उत्तर छापून येतं, तेव्हा इथले लोक कोडंच सोडवत असतात!"

खरं-खोटं साडेदहाला समजलं. किसनरावांनी आलुबोंडा कोपराशी ठेवला, कागदाकडे बघत सहा मिनिटं पेन चालवलं आणि बँकेच्या शिपायाच्या मिशा घेतल्या. आलुबोंडा मॅनेजरला गेला. मॅनेजरने तो कर्तव्य म्हणून खाल्ला.

"साऱ्यायले सांगून टाकू!" समीक्षा दात खात म्हणाली.

"सांगायचं कशाला?" गौरी हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. "जुने कागद आहेत का तुमच्या घरी?"

"आजी डब्यायखाली अंथरते."

समीक्षाची आजी तानाबाई काही टाकून देत नसे. मागच्या मंगळवारचा कागद हळदीच्या डब्याखाली सापडला. तेलाचा डागसुद्धा तयार! आणि मुख्य म्हणजे पेपरवाल्यांची वारावारची चौकट ठरलेली. मंगळवारच्या कोड्यात काळी घरं दर मंगळवारी त्याच जागी!

"पण मागच्या आठवड्यात हीच उत्तरं लिहिली, ते त्यांना आठवेल ना?" क्षितिजने शंका काढली.

"तू पाढे वहीत उतरवून काढतोस. सतराचा पाढा म्हण बघू!"

क्षितिजची शंका फिटली.

मंगळवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. अर्ध्या मिशीचे आजोबा एका खुर्चीत, किसनराव दुसरीत. मध्ये वाचनालयाची किल्ली. समीक्षाने पुडकं आणून ठेवलं. किसनरावांनी दोरा सोडला, कागद पसरला आणि तिची टोपी उडवली.

"पाय रे फकिरा, उगवलं का गवत?"

लोक हसले. समीक्षाही हसली!

फकिराने ड्रॉवर उघडला. पेपर वाटले. किसनरावांचं पेन पळू लागलं. आजोबांच्या कपाळावरून घामाचे ओघळ. पाच मिनिटं. सहा.

"झालं!" किसनरावांचा हात वर. दुसरा हात किल्लीवर!

फकिराने घसा खाकरला. "आडवा एक. लंकेचा राजा, तीन अक्षरी. किसनभाऊचं उत्तर... भोपळा?"

पोस्टमनने मान पुढे काढली.

"उभा दोन. आईची आई. उत्तर... उंट."

"काय म्हणलं?" मागून तानाबाईंचा आवाज आला.

"आडवा नऊ. देवळात टांगतात ते. उत्तर... म्हैस!"

दुकान फुटलं! पोस्टमन खाली बसून हसायला लागला. त्याची उरलेली एकच भुवई वर-खाली होत होती.

"पेपरवाल्यायनंच चुकीचं छापलं!" किसनराव ओरडले.

"कुठं छापलं, आबा?" समीक्षाने गोड आवाजात विचारलं. "तुमी त डोक्यातून सोडवता नं?"

मग गौरीने पुडक्याचा तो मागच्या मंगळवारचा तेलकट कागद उचलला, तारखेसकट सगळ्यांना दाखवला आणि मॅनेजर जाड का झाला, ते सांगितलं. लोकांचं हसणं थांबलं. कापलेल्या भुवया, गेलेले कल्ले, सगळ्यांना आपापलं आठवलं. कुणीतरी दाराला आतून कडी घातली.

"फकिरा, वस्तरा काढ," पोस्टमन म्हणाला. "पानी नको लावू."

"नरहरभाऊ, माफ करा!" किसनराव गयावया करू लागले. "परवा माह्या लेकीच्या, साळूच्या लग्नाची बैठक हाय! पाहुने येऊन राह्यले!"

आजोबांनी थोडा विचार केला. "माझी अर्धी कापली होती," ते म्हणाले. "अर्धवट काम मला आवडत नाही. फकिरा, सगळं काढ."

"समीक्षा! तू त सांग नं बाई यायले!"

समीक्षाने भिंतीवरचा आरसा काढला आणि त्यांच्यासमोर नीट धरला. त्यांना सगळं दिसावं म्हणून.

"केसं काय, आबा," ती म्हणाली. "गवत हाय. येते परत."

पंधरा मिनिटांनी खुर्चीत एक उकडलेलं अंडं बसलं होतं. अंडं रडत होतं. समीक्षाने आपली लोकरीची टोपी त्याच्यावर चढवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबांनी किल्ली खिशात घातली आणि तिन्ही मुलांना जवळ घेतलं. "असली लबाड पोरं मी बत्तीस वर्षांत कचेरीतसुद्धा पाहिली नाहीत! शाबास!" पोस्टमनने गौरीला कडक सलाम ठोकला. फकिराने क्षितिजची फुकट कटिंग करायची तयारी दाखवली. क्षितिज तीन पावलं मागे सरकला.

गर्दी पांगली. समीक्षा खाजवत खाजवत वाचनालयाकडे गेली. गौरीने टेबलावरचा आजोबांचा पेपर घडी करायला उचलला आणि थबकली.

सहा मिनिटांत आजोबांनी तीन शब्द लिहिले होते. त्यातले दोन चूक. लंकेच्या राजाच्या जागी त्यांनी 'कारकून' लिहिलं होतं, आणि चौथं अक्षर बाहेर समासात काढलं होतं.

"आजोबांना येतच नाही!" क्षितिज कुजबुजला.

"कुणाला सांगितलंस तर तुला फकिराच्या खुर्चीत बसवीन," गौरी म्हणाली.

तिने त्या कागदात आजचा आलुबोंडा घट्ट गुंडाळला आणि पायरीवर मॅनेजरपुढे ठेवला. मॅनेजरने तो हुंगला, उलगडला, कागद शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, आणि आलुबोंड्याकडे पाठ करून झोपला.