येताना तू

सलिलने मॅटॅडोर आणून कोथरूडच्या सोसायटीत उभी केली, त्या रविवारी सचिव रंगनाथराव खाली उतरले, गाडीभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आपण कॉम्प्युटरमध्ये होतात ना? आता खारी विकणार?"

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. गाडी एका बेकरीची होती. मागचं दार उघडलं की नानकटाईचा वास अजून नाकात जायचा, आणि बाजूच्या पत्र्यावर 'ताजे पाव' ही अक्षरं नव्या रंगाखालून डोकावत होती. सलिलने त्यांना समजावून सांगितलं, की मागे एक पलंग बसवायचा, छोटासा ओटा करायचा आणि उरलेल्या जागेत मोटरसायकल चढवून लांबच्या प्रवासाला जायचं. रंगनाथरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गाडीच्या पोटात गाडी. छान. पार्किंग मात्र एकाच गाडीचं मिळेल," म्हणाले आणि दूध आणायला गेले.

हिंजवडीत काचेच्या इमारती नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या, ते दिवस. ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं. सलिलचंही ठरलं होतं. दिवाळी झाली की निघायचं, आणि परत कधी यायचं ते कंपनी सांगणार. आईने लाडू-चिवड्याची तयारी आतापासूनच काढली होती. सलिलच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. जाण्याआधी बाबांना एकदा, फक्त एकदा, समुद्राच्या वाळूवर त्यांची जुनी येझदी मोटरसायकल चालवताना बघायचं.

कारण ते दृश्य त्याने पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तो अगदी लहान असताना, शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत, उन्हाळ्याच्या रात्री जेवणं झाली की बाबा आणि बापूराव गॅलरीत बसून त्या किनाऱ्याच्या गप्पा मारायचे. बापूराव म्हणजे बाबांचा जिवाभावाचा मित्र. पिंपरीच्या कारखान्यात दोघं एकाच खात्यात, मोटरसायकल दोघांत एक. हा एकटा जीव, त्यामुळे जेवायला बहुतेक इथेच. दाताखाली कायम एक लवंग. आईला 'वहिनी, वहिनी' करत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि चहातसुद्धा लवंग टाकायला लावायचा. आई वैतागायची, पण टाकायची. सलिलच्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करून तो म्हणायचा, "चल रे." त्या टकटकीचा अर्थ सलिलला फार नंतर कळला.

मंडईतल्या एका अडत्याकडे हिंदुराव नावाचा टेम्पोवाला होता. आंब्याच्या दिवसांत तो रिकामा टेम्पो घेऊन दापोलीकडे उतरायचा आणि पेट्या भरून परत यायचा. हे दोघं जाता-येता त्याच्यात येझदी चढवायचे. वरंध घाटात दोघांना घेऊन चढताना बिचारी तापायची, म्हणून ही सोय. आता टेम्पोत मोटरसायकल न्यायची म्हणजे तेव्हा दोऱ्या-बिऱ्या कोण बांधतो? एकाने तिच्यावर बसायचं. दोन्ही पाय फळीवर रोवून, तिला मांड्यांत धरून, सगळा घाट तोल सांभाळायचा. दुसऱ्याने पुढे हिंदुरावशेजारी. मागच्याने केबिनवर दोन ठोके दिले की 'ठीक आहे, चल'. एक ठोका म्हणजे 'थांब'. आणि पाळी ठरलेली होती. जाताना एक, येताना दुसरा.

शेवटच्या खेपेला जाताना बाबा बसले होते. येताना बापूराव. घाट संपला, भोरला चहाला टेम्पो थांबला, बाबा कप घेऊन मागे गेले. ताडपत्री वर केली तर आंब्याच्या पेट्यांमध्ये येझदी उभी होती. स्टँड वर दुमडलेला, कुणाचा हात नाही, कशाचा टेकू नाही, सरळ उभी. बापूराव नव्हता. बाबांनी सीटला हात लावला, आणि मग ती आडवी पडली.

घाट पालथा घातला. पोलीस झाले, दऱ्या उतरणारी पोरं झाली. काही म्हणजे काही मिळालं नाही. बाबा एवढंच म्हणायचे, "ठोका दिला असता तर थांबलो असतो. दिला असेल तर आम्हाला ऐकू आला नाही." त्यानंतर त्यांनी ती गाडी चालवली नाही, आणि विकलीही नाही. कोथरूडला येताना अर्धा संसार भंगारात गेला, येझदी तेवढी आली. दर शनिवारी ते तिला पुसायचे, किक मारून थोडा वेळ चालू ठेवायचे आणि पुन्हा झाकून वर यायचे. सलिलला त्याचं फार वाईट वाटायचं. बाप हळूहळू म्हातारा होताना दिसतो, त्याचं आपण काही करू शकत नाही, पण एवढं तरी करता येईल, असं त्याला वाटलं.

नाना पेठेतल्या मच्छिंद्र फॅब्रिकेटरने काम धरलं. पलंगाखाली कप्पे, ओट्याला शेगडीची जागा, मागच्या दाराला दुमडणारा पत्र्याचा उतार, फळीवर पुढच्या चाकासाठी खाच, चारी बाजूंना कड्या आणि त्यांत अडकवून ताणायचे जाड पट्टे. पुढची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये प्लायची भिंत. तिला सलिलने स्वतः दोन हात वॉर्निश दिलं. सुरुवातीला बाबा गॅलरीतूनच बघायचे. मग खाली यायला लागले. मग एके दिवशी त्यांनी मच्छिंद्रच्या हातातला पट्टा घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हे कशाला?"

"मोटरसायकल बांधायला, काका."

"बांधायची कशाला? माणूस बसतो ना."

मच्छिंद्र हसला. सलिलही हसला. बाबा हसले नाहीत, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. "जाऊ या म्हणतोस, तर जाऊ या," असं आपणहून म्हणाले. आईने पदराने डोळे टिपले आणि वर कांदा चिरल्याचं खोटं सांगितलं.

येझदी मागे चढवून पाहिली, त्या दिवसापासून मॅटॅडोर मागच्या बाजूने जरा बसलेली वाटायला लागली. "स्प्रिंगचे पाटे जुने आहेत," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याने नवे घातले. नव्या पाट्यांवरही ती तशीच बसली. येझदी खाली उतरवली तर वर यायची. चढवली की पुन्हा बसायची, आणि एका मोटरसायकलच्या वजनाने बसावी त्याहून जरा जास्तच. मच्छिंद्रने डोकं खाजवलं आणि विषय सोडून दिला.

आणि वास. नानकटाईचा वास वॉर्निशने मारला होता. एका सकाळी सलिलने मागचं दार उघडलं तर आत लवंगेचा वास भरून राहिला होता, ताजा, आत्ता कुणी चावल्यासारखा. बेकरीची गाडी, मसाल्याचं काहीतरी सांडलं असेल कधीतरी. सलिलने दार उघडं टाकून गाडीला ऊन दिलं. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी खोल श्वास घेतला आणि हातातली पोवळ्याची अंगठी फिरवत राहिले. ती त्यांची सवय होती. दारावर टकटक केली तरी त्या अंगठीचा टक्क असा आवाज आधी यायचा, आणि आई आतूनच म्हणायची, "आले वाटतं."

पहाटे निघाले. येझदी चढवली. सलिलला वाटलं पट्टे बाबांनी अडकवले, बाबांना ते लागतात असं वाटलंच नव्हतं. स्वारगेट मागे पडलं, भोर गेलं, घाट लागला. बाबा पुढे सलिलशेजारी बसून प्रत्येक वळणाची गोष्ट सांगत होते. इथे हिंदुरावने बैल वाचवला होता, इथे करवंदांच्या जाळीत पँट फाटली होती. आवाज मोकळा, चेहरा तरणा. सलिलला इतका आनंद झाला होता, की अमेरिकेला जाऊच नये असं क्षणभर वाटून गेलं.

पहिल्याच अवघड वळणानंतर मागून दोन ठोके आले. जाड, मऊ, बोटांच्या पेरांचे.

"काय वाजलं?" सलिल म्हणाला.

"चल म्हणतोय," बाबा म्हणाले, आणि करवंदांची गोष्ट पुढे चालू झाली.

किनाऱ्यावर पोचून त्याने मागचं दार उघडलं, तेव्हा पट्टे ओट्याखालच्या कप्प्यात घडी घातलेले तसेच होते. स्टँड वर दुमडलेला. येझदी मधोमध सरळ उभी. चहाचे कप हुकांवरून खाली आले होते, पलंगावरची चादर कोपऱ्यात गोळा झाली होती, आणि ती मात्र जागची हलली नव्हती. बाबा पुढे झाले, हँडल धरलं आणि अगदी घरच्यासारखं, हलक्या आवाजात म्हणाले, "उतर. पोचलो."

मॅटॅडोरचा मागचा भाग कुरकुरला आणि थोडा वर आला.

ओहोटी लागली होती. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरली होती. बाबांनी किक मारली, किकचीच कांडी पुढे ढकलून गिअर टाकला, आणि दोन्ही नळकांड्यांतून तो जुना भडभड आवाज किनाऱ्यावर घुमला. सलिलने शनिवार पेठेतल्या अंथरुणात पडून ऐकलेल्या सगळ्या गप्पा आता समोर दिसत होत्या. पांढरे केस मागे उडालेले, शर्ट फुगलेला, आणि बाबा मान किंचित मागे वळवून हसत बोलत होते. मागे बसणाऱ्याची पायदानं उघडलेली होती. सलिलला ती दिसली. तरी त्याला रडू आलं ते आनंदानेच, त्याला काय करणार.

दुसऱ्या दिवशी निघताना बाबा म्हणाले, "जाताना बापू बसला. येताना मी बसायला हवं."

"बाबा, पुरे. तुम्ही पुढे बसायचं, माझ्याशेजारी."

"पाळी आहे रे."

"पट्टे आहेत," सलिल म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून चढला होता. त्याने चारही पट्टे स्वतः ताणले, पुन्हा तपासले, दाराला कुलूप लावलं आणि बाबांना हाताला धरून केबिनमध्ये बसवलं. किल्ली खिशात टाकली. बाप आपल्या शेजारी, डोळ्यांसमोर, मग भीती कसली? आईकडे त्यांना धडधाकट पोचवायचं, बाकी काही त्याला नको होतं.

घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला थांबले. बाबांना भजी नको होती. "गाडी बघून येतो," म्हणून ते मागच्या बाजूला गेले. कुलूप आहे, किल्ली आपल्याकडे आहे, म्हणून सलिलने जाऊ दिलं. त्याची बशी संपेपर्यंत ते येऊन पुढे बसलेही होते. थंडी वाजत असावी. शाल हातांवरून लपेटून, खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले होते.

धुकं उतरलं. सलिल हळू चालवत होता.

केबिनमध्ये लवंगेचा वास आला.

आणि त्याच्या पाठीमागे, प्लायच्या भिंतीवर, एक ठोका पडला. टक्क. आधी धातूचा, मग पेराचा.

एकच.

सलिलचा पाय ब्रेकवर गेला. त्याने शेजारी पाहिलं. बाबा होते. छाती वरखाली होत होती, मान डुलत होती. मग मागे कोण? ओट्यावरची सांडशी पडली असेल. पत्र्याचा उतार सैल झाला असेल. बाप तर इथे बसलाय. त्याने पाय काढून घेतला आणि गिअर बदलला. दुसरा ठोका पडला नाही. भोरला चहालाही तो थांबला नाही.

कोथरूडला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. आई पार्किंगमध्येच उभी होती. "आलात एकदाचे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली दोन दिवसांची काळजी उतरलेली सलिलला ऐकू आली.

शेजारचं दार उघडलं. शाल सीटवर राहिली. उतरण्यासाठी दाराच्या वरच्या कडेला धरलेला हात सलिलने पाहिला. बोटात अंगठी नव्हती. इतक्या वर्षांच्या अंगठीचा वण असतो, तोही नव्हता.

बाबांच्या चेहऱ्याचा तो माणूस खाली उतरला, आळस दिला आणि आईकडे बघून ओळखीचं हसला.

"वहिनी, चहात लवंग टाका."

आई जागच्या जागी उभी राहिली.

सलिल मागे धावला. कुलूप तसंच होतं. किल्ली लागायला वेळ लागला. आत चारही पट्टे सोडवून, नीट घडी करून पलंगावर ठेवले होते. त्याने स्वतः वॉर्निश दिलेल्या प्लायवर, हँडलच्या उंचीला, अंगठीच्या खड्याएवढा एक ताजा खड्डा होता. मधोमध, स्टँड वर दुमडलेला, येझदी सरळ उभी होती.

"बाबा," तो म्हणाला.

सीट गरम होती. त्याने हात लावला, आणि मग ती आडवी पडली.