काढून ठेवलेलं हँडल

दादाच्या सायकलचं हँडल बदलायचं ठरलं ते डॉक्टरांमुळे नव्हे, वहिनींमुळे. डॉक्टर तर सायकल विकून टाका म्हणाले होते.

टेकडीपलीकडच्या उतारावर, मोठ्या झाडाच्या वळणाशी दादा पडला होता. मानेचे दोन मणके धातूची पट्टी घालून जोडले. तेव्हापासून त्याची मान वळत नाही. मागून हाक मारली की अख्खा माणूस फिरतो, कपाट सरकवावं तसा. तेही चाललं असतं. पण हसण्या-बोलण्यात जो आयुष्यभर कुणाला हार गेला नाही, तो खिडकीशी बसून राहू लागला. विचारलं तर "बरं आहे" एवढंच.

एकदा भांडी पुसता पुसता वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दवाखान्यातून ह्यांना आणलं खरं, पण निम्मेच आले हो घरी."

"येतील उरलेले. देव काही अर्ध्यावर काम सोडत नाही."

"त्यांना सायकलवर बसवा तुम्ही. तिथेच राहिलेत ते."

मी त्याचा अर्थ फार लावला नाही. माझं घर जवळच; येऊन-जाऊन कामाला लागलो.

सायकल जुनी, शर्यतीची. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्यावर ओणवं व्हायचं आणि मान वर काढून रस्ता बघायचा. जोडलेल्या मानेला ते जमणारं नव्हतं. सरळ आडवं हँडल घातलं की पाठ ताठ राहते. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या हँडलवर ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत होते, आणि ती मूठ सरळ दांड्यावर बसत नाही. नवे गिअरचे खटके घ्यावेत, तर एका खटक्याला ते जेवढी तार ओढतात तेवढीच साखळी सरकवणाऱ्या मागच्या यंत्राला मानवली पाहिजे. केसभर कमी-जास्त झालं की साखळी दोन चक्रांच्या मधे कुरकुरत राहते. पहिला जोड असाच फुकट गेला. दुसरा जुळला. ब्रेकच्या मुठीही निराळ्या आणाव्या लागल्या, नाहीतर ब्रेक चाकाला नुसत्या गुदगुल्या करतात.

"लग्न जुळवतोयस की सायकल?" दादा खिडकीतून म्हणाला.

वहिनींचा हात जागच्या जागी थांबला. किती तरी महिन्यांनी त्याने थट्टा केली होती.

"लग्न परवडलं," मी म्हणालो. "तिथे निदान दोघं तोंडाने तरी भांडतात."

तो हसला नाही. पण खिडकी सोडून बाहेर आला आणि नव्या हँडलवर हात ठेवून बघितला.

जुनं हँडल मुठींसकट कोठीच्या खोलीत खिळ्याला टांगलं. त्याच्या तारा मी स्वतः कापल्या, उरलेले तुकडे ओढून काढले. हे मुद्दाम सांगतो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. देवावर माझा भरवसा आहे आणि त्याच्या खालोखाल तारेवर. तार ओढली तर हलतं. तार नाही तर हलत नाही. एवढ्या श्रद्धेवर मी रोज उंच इमारतींतून लोंबकळतो.

दादा सकाळी फिरायला जाऊ लागला. ताठ बसून, साहेब पाहणीला निघावा तसा. टेकडीच्या माथ्यापर्यंत जाई आणि परत फिरे. पलीकडच्या उताराला चाक लावत नसे. बोलणं मात्र तेवढंच, मोजकं.

एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "ते हँडल वाजतं."

"उंदीर असेल."

"उंदीर चढ लागला की गिअर हलका करतो का?"

कोठीच्या खोलीच्या खिडकीतून टेकडीचा रस्ता दिसतो. मी तिथे उभा राहिलो. दादा ठिपक्याएवढा, चढाच्या पायथ्याशी पोचलेला. माझ्या मागे खिळ्यावरच्या हँडलची उजवी मूठ आपसूक आत वळली. टक्. आणि तिकडे रस्त्यावर ठिपक्याचे पाय भराभर फिरू लागले.

मी मूठ खोलली, आतली स्प्रिंग पाहिली, तेल दिलं, परत टांगली. "थंडी-उन्हाने स्प्रिंग सुटते," असं वहिनींना समजावलं. लहान मुलाच्या बोलण्याला मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली.

त्यांना भीती वाटतच नव्हती. त्या स्टूल घेऊन तिथे बसू लागल्या, मांडीवर काहीतरी निवडायला घेऊन. टक्, टक्. "चढाला लागले." टक्. "माथ्यावर पोचले. आता चहा टाकते." आणि चहा उकळेपर्यंत दादा दारात हजर. मलाही त्याची सवय झाली, हे सांगायला लाज वाटते. न समजणारी गोष्ट रोज घडली की माणूस तिला घरातलीच म्हणू लागतो.

मग एका दुपारी दादा बाहेरच्या खोलीत झोपला होता. सायकल भिंतीला टेकलेली. आणि हँडल वाजलं.

मी आत गेलो. चढाचे खटके झाले. माथा झाला. पण तिथून ते परतलं नाही. गिअर जड होत गेले, उतारावर होतात तसे, एकामागून एक. मग दोन्ही ब्रेकच्या मुठी हळूहळू दांड्याशी दाबल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. दांड्यावर गुंडाळलेल्या मऊ पट्टीत बोटांएवढे खळगे पडले होते. मी एक मूठ सोडवून पाहिली. सुटेना. धातू कोमट लागत होता.

बऱ्याच वेळाने मुठी आपोआप सैल झाल्या.

बाहेर आलो तर दादा जागा होता.

"वळणाशी थांबला ना?" त्याने विचारलं.

"कोण?"

"रोज येतो तिथवर. पुढे येत नाही."

"कुणाबद्दल बोलतोयस, दादा?"

तो अख्खा माझ्याकडे फिरला. "मी पडलो, मला उचलून आणलं. त्याला कुणी उचललंच नाही रे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी त्याने सायकल काढली. "आज वळणापर्यंत जातो," म्हणाला.

"नका जाऊ, म्हणू का?" वहिनींनी मला हळूच विचारलं.

"म्हणा ना."

त्या म्हणाल्या नाहीत. पाण्याची बाटली भरून दिली.

आम्ही दोघं कोठीत उभे राहिलो. चढाचे खटके. माथा. मग जड गिअर, एकामागून एक. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं.

दोन्ही मुठी दाबल्या गेल्या.

तशाच राहिल्या.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग पट्टीतले खळगे भरून येऊ लागले. एक बोट सुटलं. मग दुसरं.

टक्. टक्. टक्.

पलीकडून चढ घेत होतं ते. कसला वेग! पडल्यापासून दादा असा चढलाच नव्हता.

"येतायत," वहिनी म्हणाल्या आणि रडू लागल्या. "आले हो. सगळे आले."

फाटक वाजलं. दादा घामाने निथळत आत आला, खुर्ची ओढून बसला. "मेलो गं भुकेने! आणि हा बारक्या इथे काय करतोय? पोट बघ याचं. लिफ्टमध्ये हा चढला की बाकीचे जिन्याने जात असतील."

तोच आवाज. तेच हसणं. माझे डोळे भरून आले. वहिनींनी मागून विचारलं, "दूध देऊ की चहा?" आणि दादाने खांद्यावरून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सहज. रस्त्यावर मागून कुणी येतोय का बघावं, तसं.

मी हात जोडले. मग सायकल आत घ्यावी म्हणून बाहेर गेलो. भिंतीशी काहीच नव्हतं.

"दादा, सायकल कुठे?"

"येईल की," तो खाता खाता म्हणाला. "वळणावर एक जण भेटला. बिचाऱ्याची मान पार आखडलेली. सरळ हँडलची होती सायकल त्याची. म्हटलं, बाबा रे, तुला माझ्याबरोबर चढ जमायचा नाही. सावकाश ये मागून."



फाटक पुन्हा वाजलं. भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज आला, जपून टेकवल्याचा. मग पावलं. एक एक, थांबत थांबत.

वहिनी दाराशी गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी बाहेर पाहिलं नाही. दार लोटलं, कडी घातली आणि परत येऊन दादाच्या मानेवर हात ठेवला.

"अजून वाढू?"

कडी कुणी वाजवली नाही. पायरीवर कुणीतरी बसल्याचं तेवढं ऐकू आलं.

त्या दिवशी मी घरी गेलो तो मागच्या दाराने.