छत्रातली शेवटची पंगत

तमिळ मुलखात ओरत्तनाडूच्या रस्त्यावरचं मराठ्यांच्या काळातलं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, गेल्या वर्षी हेरिटेज हॉटेल झालं. पाहुण्यांना त्याचा इतिहास सांगायला मला ठेवलं. मी रघुनाथ, सरकारी नोकरीतला निवृत्त मोजणीदार. जे मोजता येतं तेवढंच खरं मानणारा.

इतिहासाचा फलकही मीच लिहिला. पटकीच्या साथीत इथे पडून मेलेल्या वाटसरूंची ओळ मॅनेजर प्रणवेशने गाळायला लावली. पाहुण्यांना बरं वाटत नाही म्हणे. एक रीत मात्र त्याला फार आवडली. दुपारी शेवटची पंगत उठली की छत्राचा कारभारी दारात उभा राहून तीनदा विचारायचा, "कोणी उपाशी आहे का?" मगच स्वतः जेवायचा.

"सर, रोज एक वाजता करा. पातेलं रिकामं असलं तरी चालेल, फोटोपुरतं."

माझे वडील इथले शेवटचे कारभारी. भात शिल्लक नसेल तर हाक मारू नये, असं ते बजावायचे. मी म्हटलं, आता कोण येतंय.

पहिल्या दिवशी हाक मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर मागच्या ओसरीतून आवाज आला, "मी आहें की."

आवाज भुवनाचा होता. माझी बायको, आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, वारलेली. ऑपरेशनच्या सकाळी तिने दहीभात मागितला होता. डॉक्टरांनी मना केलं होतं. "शुद्धीवर आलीस की घालतों," मी म्हणालो. ती शुद्धीवर आलीच नाही. पस्तीस वर्षं जिने मला वाढलं, तिला मी उपाशी धाडलं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

"माईक चालू होता का?" प्रणवेशने विचारलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी डब्यातून दहीभात नेला. ओसरीत केळीचं पान मांडलं, वाढलं आणि दारात जाऊन हाक मारली. परतलो तर पान स्वच्छ होतं. मी तिथेच बसून रडलो.

"उद्या अजून आणतों, भुवना."

तिसऱ्या दिवशी पातेलंभर नेला. पान एकच मांडलं. हाक मारताना ओसरीत कोणी म्हातारं खोकलं.

मग एक मूल.

परतलो. भिंतीच्या कडेने पानं मांडलेली होती. मी मोजली. एकेचाळीस.

चाळीस पानं चाटूनपुसून साफ. पातेल्याचा तळ दिसत होता.

हाकेत मी तिचं नाव घेतलंच नव्हतं.

शेवटच्या पानापर्यंत भात पोचलाच नव्हता. वाढण्याआधी भुवना शिंपडायची तसं नुसतं पाणी शिंपडलेलं, आणि त्या पाण्यात पाच बोटांचे ठसे.