भांडगावच्या टेकडीवरचं विमान

आषाढातलं वारं भांडगावच्या टेकडीला धडका देत होतं. पायथ्याच्या रानात माया कांद्याच्या रोपातलं गवत काढत होती. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी पांढरं सुळकन आलं आणि थेट वाफ्यात घुसलं. थर्माकोलचं विमान! एक पंख निखळून बाजूला पडलेला.

पाठोपाठ एक तरुण टेकडी उतरत धावत आला. हातात लांब एरियलचा रिमोट, केसांत कुसळं.

"लागलं न्हाई ना तुम्हाला?"

"मला न्हाई, रोपाला लागलं," माया म्हणाली. "लावून द्या आता."

तो खरंच पँट दुमडून वाफ्यात उतरला. मायाला हसू आवरेना.

"राहू द्या... मुळ्या वर करून लावताय!"

तिनं नाव विचारलं, तर तो जरा घुटमळला. "म्हाळसाकांत... घरी म्हाळू म्हणत्यात." खुटबावचा, कुरकुंभच्या एका कंपनीत फिटर.

"ह्याला इंजिन कुठं हाय?"

"इंजिनच न्हाई. वारं टेकडीला आदळून वर चढतं, त्याच्यावर हे तरंगतं."

पुढच्या रविवारी शेळ्यांचं निमित्त करून माया टेकडीवर गेली. मग निमित्ताची गरज उरली नाही. तो विमान वाऱ्यावर फेकायचा, रिमोट तिच्या हाती द्यायचा आणि शेजारी उभा राहून सांगायचा, "हळू... अंगठा नुसता टेकव." त्याच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

श्रावण लागला. एका रविवारी माया वर आली ती गप्पच. रिमोट घेतला, विमान उंच गेलं.

"आज बोलत न्हाईस?"

"येत्या रविवारी शिरूरचं पाव्हणं येणार हायत," ती म्हणाली. "मला बघायला."

विमान डगमगलं.

"नजर काढू नको त्याच्यावरनं," म्हाळू घाईनं म्हणाला. "...बरंच हाय म्हणा. तू माझ्याकडं बघितलंस, तर मला बोलायचं जमायचं न्हाई."

"मग बोला की."

"आधी मी वाऱ्यासाठी यायचो इथं. गेल्या रविवारी पान हालत नव्हतं... तरी आलो."

मायाचे डोळे भरले. आभाळात एकाची दोन विमानं दिसू लागली.

"धरा हे... मला दिसंना."

रिमोट घेताना बोटांत बोटं अडकली, ती सुटली नाहीत. एका हातानं त्यानं विमान उतरवलं. उतरलं कसलं, गवतात आपटलंच. उचलायला कुणीच गेलं नाही.

"आता गं?"

"आता काय! आण्णा विहिरीपाशी हायत. चला."

"आत्ता? असा?"

"मग काय, रविवार उजाडल्यावर?"

आण्णा मोटार बंद करून हात धूत होते. पोरीबरोबर परका तरुण बघून त्यांच्या भुवया चढल्या.

"कुणाचा रं तू?"

म्हाळूनं गाव सांगितलं, घराणं सांगितलं, नोकरी सांगितली. उरलेलं मायानं सांगितलं. बापाच्या डोळ्यांत बघून, मान खाली न घालता.

आण्णांनी सावकाश टॉवेलानं हात पुसले. एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"शिरूरला निरोप धाडाया पाहिजे मग," ते म्हणाले. "माया, चहा टाक जा." आणि टॉवेलानं विहिरीचा कठडा झटकत म्हाळूकडं वळले.

"उभं का, पाव्हणं? बसा की तुम्ही."